कानटोपीवाले सर

पवनचक्क्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला वारा सोसत नव्हता, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थाप मारतेय. पण सरांचं तसंच होतं. मुलुंडच्या एप्रिलच्या उकाड्यात आम्हा सगळ्यांच्या पाठी खुर्चीला चिकटायच्या, तेव्हा हा माणूस तपकिरी लोकरीची कानटोपी घालून बसलेला असायचा. त्यांच्या टेबलावरचा पंखा कायम बंद. शेजारच्या खिडकीच्या फटीत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. कोणी चुकून पंखा लावला तर बोलायचे काही नाहीत. उठायचे, बटण बंद करायचे आणि परत येऊन बसायचे.

"सर, आपलं सगळ्यांचं पोट त्या वाऱ्यावर चालतं," मी एकदा वैतागून म्हटलं.

"म्हणून त्याला कानात घेऊ का?" ते म्हणाले. "त्यानं डोंगरावर राहावं, मी इथं राहतो. आमचं बरं चाललंय, बाई."

मला 'बाई' म्हणणारे त्या ऑफिसात ते एकटेच. बाकी सगळे 'मॅडम' म्हणायचे, आणि ते मला कोणी फुकट दिलेलं नव्हतं. घाटकोपरला आईबरोबर जेवणाचे डबे पोचवण्यापासून मी सुरुवात केली. मग दारोदार विमा विकला. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तो किती वेळ उभं करणार, पाणी विचारणार की नाही, हे मला कळायला लागलं. त्या जोरावर या कंपनीत जमिनीचं काम मिळवलं. म्हणजे डोंगरावरच्या जमिनींच्या मालकांना गाठायचं, भाव ठरवायचा, सह्या आणायच्या. माझा आवाज मोठा, डोकं लवकर तापणारं, आणि भाव करण्यात मला हरवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पाहिला होता, पण ओळखला नव्हता, असं म्हणायला हवं. त्याचाच मला राग आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

आमचं ऑफिस म्हणजे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोन गाळे मधली भिंत पाडून एक केलेले. खालच्या मजल्यावर बाटल्यांची झाकणं बनायची, त्यामुळे आमच्याकडे दिवसभर बारीक टकटक चालू. मालक शेठ होते. डोंगर घ्यायचा, पवनचक्क्या लावायच्या, वीज विकायची एवढं त्यांना कळत होतं. मधलं सगळं सर बघायचे. सरकारी वीज खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य सबस्टेशनांमध्ये आणि तारांखाली गेलेलं. डोंगरावर तयार झालेली वीज देशाच्या ग्रिडला, म्हणजे देशभरच्या तारांच्या जाळ्याला, नेऊन जोडायची, हे त्यांचं काम. नव्या इंजिनिअरांना वाऱ्याचं कौतुक असायचं. त्यांचे नकाशे, त्यावरचे लाल-पिवळे रंग. सर ते नकाशे बघायचेसुद्धा नाहीत.

"वारा शोधायला काय लागतं? छत्री उलटी झाली की सापडला," म्हणायचे. "तो न्यायचा कुठं, ते बोला."

ग्रिड म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं, आणि तेही सोसायटीच्या पाण्यावरून. मी त्यांच्यासमोर बसून माझा डबा खात होते.

"तुमच्या सोसायटीत पाण्याची टाकी आहे ना? सकाळी सगळे नळ सोडतात. पंप कधी लावायचा ते वॉचमनला कळतं, म्हणून तुमची आंघोळ होते. आता समजा एक माणूस आला. म्हणाला, मी पाणी देतो, पण कधी देईन ते सांगणार नाही. बहुतेक पावसाळ्यात देईन, आणि रात्री, तुम्ही झोपल्यावर. घ्यायचं त्याला?"

"फुकट देतोय ना? घ्यायचं."

"घ्यायचं. पण वॉचमनला विचारून. नाहीतर टाकी वाहून जिन्यात पाणी. आणि बाई, ग्रिडला टाकी पण नसते. आलं तेवढं त्याच क्षणाला कोणीतरी वापरायला लागतं."

मग माझ्या डब्यातली एक फोड न विचारता उचलायचे. लोणच्याची. बाकी कशाला हात लावायचे नाहीत.

सबस्टेशनमध्ये बाहेरून येणारी लाइन जोडायची ठरलेली जागा असते, तिला बे म्हणतात. त्यालाही त्यांच्याकडे सोसायटीच होती. "पार्किंगचा स्लॉट. तो नसेल तर गाडी कितीही भारी घ्या, रस्त्यावर उभी राहणार आणि पोरं तिच्यावर नावं लिहिणार."

त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालणं ही शिक्षा होती. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत वाटेत दोन ट्रान्सफॉर्मर लागायचे, जाळीच्या कुंपणात, भोवती कचरा आणि पानाच्या पिंका. सर प्रत्येकापाशी थांबायचे. कानटोपीची एक बाजू वर करायचे, तेवढ्यापुरती, आणि ऐकायचे. येणारेजाणारे बघायचे. मी लांब उभी राहून यांच्याशी आपला संबंध नाही असं दाखवायची.

"काय म्हणतोय?" मी एकदा विचारलं.

"खोकतोय. तेल बघायला हवं."

त्यांनी खरोखर फोन करून तक्रार नोंदवली. त्या आठवड्यात कोणी आलं नाही. मग एका दुपारी आमच्या अख्ख्या रस्त्याची वीज गेली, झाकणांची टकटक थांबली, आणि सर डबा बंद करता करता म्हणाले, "गेला बिचारा."

आणि त्यांचं ते भाजी घेणं! मुलुंडच्या मार्केटमध्ये मी एकदा त्यांच्याबरोबर गेले आणि माझा जीव अर्धा झाला. भाजीवाली जो भाव सांगेल तो हे देणार. गवार कोवळी आहे का बघणार नाहीत, शेजारी काय भावानं मिळते विचारणार नाहीत. पैसे काढले, दिले, पिशवी पुढे केली.

"सर, तिनं तुम्हाला बघूनच वाढवून सांगितलं!"

"सांगू दे."

"सांगू दे काय? थांबा तुम्ही." मी मागे फिरले आणि त्या बाईशी असं काही भांडले की बाजूच्या नारळवाल्यानं आपला धंदा सोडून आमच्याकडे तोंड केलं. गवारीचे पैसे कमी करून घेतलेच, वर कोथिंबिरीची जुडी घेतली. परत आले तर सर तिथं नव्हते. रस्त्याच्या पलीकडे जाऊन, पाठ करून उभे होते.

"तुम्हाला भाव करता येत नाही," मी म्हटलं, "हे तुमच्या घरी माहीत आहे का?"

"घरीच जास्त माहीत आहे," ते म्हणाले आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत ठेवून घेतली.

हा माणूस अगदी भोळा आहे, असं माझं त्या दिवशी पक्कं झालं. व्यवहारात मी शक्यतो असं काही पक्कं करत नाही. तिथं केलं.

आता मूळ प्रकरण. घाटमाथ्यावर एक पठार होतं. खडक आणि कुसळं, झाड औषधाला नाही, पण वारा असा की माणूस तिरका चालायचा. पवनचक्क्यांच्या जागा शेठनी आधीच घेतल्या होत्या. प्रश्न लाइनचा होता. पठारापासून जवळच्या सबस्टेशनपर्यंत तारा न्यायच्या, वाटेत ज्यांच्या जमिनी त्यांच्या संमतीच्या सह्या हव्यात. त्या सबस्टेशनमध्ये बे एकच मोकळा, आणि त्यावर शेजारचा डोंगर घेतलेल्या अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीचा डोळा. जो आधी लाइनचा रस्ता मोकळा करून दाखवेल त्याचं पारडं जड.

तिकडच्या जमिनींची गंमत अशी की मालक तिकडे नाहीतच. बापजादे कधीचेच मुंबईला आलेले. सातबाऱ्यावरची नावं भटवाडीत, भांडुपच्या टेकडीवर, मुलुंडच्या चाळींच्या जागी झालेल्या टॉवरांत, बोरीवलीच्या सोसायट्यांत राहायची. एकेका खडकाळ तुकड्याला अकरा-अकरा हिस्सेदार, आणि अकरा जणांची अकरा उपनगरांत घरं. डोंगरावरची पवनचक्की खरी उभी राहायची ती भांडुपच्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्हीचा आवाज कमी करून.

ही सगळी दारं मी वाजवली. दोन पावसाळे त्यात गेले. दोन भाऊ होते, एक भटवाडीत, दुसरा बोरीवलीला. आई गेली तेव्हापासून बोलणं बंद. दोघांना मी घाटकोपरच्या एका उडपी हॉटेलात समोरासमोर बसवलं.

"ताई, त्याला सांगा, आधी त्यानं सही करावी," धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला.

"मॅडम, त्याला विचारा, मोठा कोण आहे," थोरला दुसऱ्या भिंतीकडे बघत.

"मी काय पोस्टमन आहे काय रे?" माझा आवाज चढला. वेटर थांबला. "एका आईच्या पोटचे ना तुम्ही? डोसा येईपर्यंत दोघांनी सही केली नाही तर बिल तुम्ही भरायचं आणि मी उठून जाणार."

सह्या झाल्या. डोसा येण्याआधी.

सगळ्यात शेवटची सही बोरीवली पूर्वेची. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. नॅशनल पार्कच्या कडेची जुनी, लिफ्ट नसलेली बिल्डिंग, वरचा मजला. सगळी सोसायटी त्यांना सिस्टर म्हणायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली त्यांच्या वडिलांचा. पठारावरचा तुकडा वडिलांच्या नावाचा. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, बिस्किटंसुद्धा दिली आणि सही द्यायला नाही म्हणाल्या.

"माझ्या वडिलांना त्या जमिनीवरून खूप जणांनी शब्द दिला," त्या म्हणाल्या. "रस्ता येणार म्हणून दिला, तलाव होणार म्हणून दिला. दर वेळी अंगठा घेतला. ते गावी जाऊन बघून यायचे. खडक तिथंच."

मी पाच वेळा गेले. पाचव्या वेळी मी भाव, भरपाई, काही बोलले नाही. म्हटलं, "सिस्टर, तुमच्या तुकड्यात लाइनचा टॉवर उभा राहणार. माझा शब्द आहे. आजवर मी दिलेला एक शब्द मोडलेला नाही, कोणालाही विचारा." आणि ते खरं होतं. माझ्याकडे डिग्री नाही, बापाची ओळख नाही. या उपनगरांत माझं जे काही होतं ते एवढंच, की ताई बोलल्या म्हणजे होणार. सिस्टरनी चष्मा लावला आणि सही केली.

या सगळ्या काळात अंधेरीच्या कंपनीचा माणूस माझ्या मागावर होता. दुपारी मी ज्या घरी चहा पिऊन निघायची, संध्याकाळी तो तिथंच, बहुतेक त्याच कपातून चहा प्यायचा. मी खवळायची, तावातावानं ऑफिसात येऊन सांगायची. सर कानटोपी नीट करून विचारायचे, "आज कोणाशी भांडलात, बाई?"

मी सांगायची.

"जोरात?"

"खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल."

"छान. अजून जोरात भांडा."

मला वाटायचं, या माणसाला माझी कदर आहे.

मग एक दिवस बातमी आली. जवळच्या सबस्टेशनचा बे अंधेरीवाल्यांना मिळाला. त्यांनी वरून जोर लावला, माझ्या निम्म्या हिस्सेदारांना वाढवून भाव दिला, आणि संपलं. मी हातातला चहाचा कप भिंतीवर फेकला. ओरडायला लागले. सर शेंगदाणे खात होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला. कोणी ओरडायला लागलं की ते चष्मा काढायचे. दिसलं नाही की ऐकूही कमी येतं, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्याच आठवड्यात शेठनी पेढे वाटले. मला वाटलं, यांना वेड लागलं.

"अरे, आपलं काम झालं!" शेठ म्हणाले. "दूरवालं सबस्टेशन. नवा बे मंजूर झाला, आपल्याला. लाइनचा रस्ता पण क्लिअर. सरांनी केलं सगळं. तुला नाय सांगितलं?"

नाही सांगितलं. दरीपलीकडच्या त्या लांबच्या सबस्टेशनात बे वाढणार आहे, हे सरांना पहिल्यापासून माहीत होतं. जवळचं सबस्टेशन पावसाळ्यात विजेनं तुंबणार, वारा भरात असेल नेमकं तेव्हाच वीज घ्यायला नकार येणार, हेही माहीत होतं. पण आम्ही लांबच्या वाटेला लागलोय असं अंधेरीवाल्यांना कळलं असतं, तर त्यांनी तोही बे ओढला असता. म्हणून त्यांना जवळच्या बेमागे धावत ठेवायला हवं होतं. त्यासाठी कोणीतरी त्याच बेसाठी मनापासून, छाती फुटेपर्यंत भांडताना दिसायला हवं होतं.

ती मी.

आणि लांबच्या लाइनची जमीन? बरीचशी सरकारी रस्त्याच्या कडेची. उरलेल्या थोड्या मालकांकडे सर स्वतः रविवारी जाऊन आले होते. त्यांनी मागितला तो पहिला भाव देऊन.

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी चष्म्याला हात घातला.

"चष्मा काढायचा नाही!" मी ओरडले. खालची टकटक थांबल्यासारखी वाटली. "माझ्याकडे बघा. मला का नाही सांगितलं?"

त्यांनी चष्मा राहू दिला. "सांगितलं असतं तर तुमच्या आवाजात ते आलं असतं."

"मी नाटक केलं असतं! मला येतं!"

"त्या अंधेरीवाल्या माणसालाही येतं. त्यानं ओळखलं असतं. तुमचा राग खरा होता म्हणून त्यांनी बे घेतला." मग अगदी साध्या आवाजात, समजावल्यासारखं म्हणाले, "घासाघीस केली की आवाज होतो, बाई. आवाज झाला की लोक खिडकीत येतात. मला लोक तुमच्या बाजूच्या खिडकीत हवे होते."

कोणी मला इतकं नीट तोलून वापरलं नव्हतं. विमा विकताना लोकांनी माझ्या तोंडावर दारं लावली होती. त्याचं मला कधी एवढं लागलं नव्हतं.

"आणि माझी माणसं?" मी म्हटलं. "ज्यांना मी शब्द दिलाय? अंधेरीवाल्यांनी रस्ता बदलला तर त्यांच्यातल्या निम्म्यांकडे टॉवर नाही, भरपाई नाही, काही नाही. त्यांना काय सांगू? की सरांना खिडकीत गर्दी हवी होती?"

त्यांनी कानटोपीची एक बाजू वर केली. याचा त्यांनी विचारच केला नव्हता. ज्या माणसाला ट्रान्सफॉर्मरचा खोकला ऐकू यायचा, त्याला हे ऐकू आलं नव्हतं.

"तुम्ही माझ्याबरोबर यायचं," मी म्हटलं. "प्रत्येक दारात. आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

मला वाटलं, नाही म्हणतील. मग मी त्यांना सोडणार नव्हते, शेठला सोडणार नव्हते, तो गाळा डोक्यावर घेणार होते. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

"कधी निघायचं?" ते म्हणाले.

आले. भर मे महिन्यात, कानटोपी घालून. अंधेरीवाल्यांच्या नव्या रस्त्यातून जे जे वगळले गेले त्यांच्या घरी गेलो. प्रत्येक घरात आधी म्हणायचे, "पंखा जरा बंद कराल?" घरातले लोक घाम पुसत एकमेकांकडे बघायचे. मग सर खुर्चीच्या कडेवर बसून एकच वाक्य बोलायचे, सगळीकडे तेच. "बाईंनी तुम्हाला खोटं सांगितलं नाही. मी बाईंना खोटं सांगितलं."

माफी नाही मागितली, एकाही घरात. कोणी चिडून का म्हणून विचारलं तर का ते सांगायचे, टाकी, वॉचमन, पार्किंगचा स्लॉट, सगळं. लोक ऐकत बसायचे. जे मला ओरडत असायचे तेच यांना विचारायला लागायचे, "मग सर, आमच्या बिल्डिंगची लाइट सारखी का जाते?" सर उठून मीटरची खोली बघायला जायचे. मी वर, भरल्या घरात, पंख्याशिवाय एकटी.

भटवाडीतल्या घरी दोन्ही भाऊ हजर होते. दोघांनी मिळून मला सुनवलं. धाकट्याचं वाक्य थोरला पूर्ण करत होता. निघताना सर जिन्यात म्हणाले, "बोलायला लागले की दोघं."

"गप्प बसा," मी म्हटलं.

सिस्टरकडे सगळ्यात शेवटी गेलो. सरांचं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं. कारण विचारलं नाही. पंखा बंद केला होता तो तसाच ठेवला आणि सरांना लिंबू सरबत दिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"ताई, तुम्ही ह्यांना घेऊन आलात ते बरं केलंत. पण परत कधी सही मागायला आलात तर मी ह्यांनाच विचारीन."

माझा शब्द असा गेला. खोटं बोललेल्या माणसाकडे गेला. आणि तो माणूस सरबतातली बी चमच्यानं बाजूला काढत होता.

लाइन झाली. पहिल्यांदा वीज सोडायची त्या दिवशी आम्ही सगळे पठारावर. शेठ नारळ घेऊन, मी पदर सांभाळत. सर वर आलेच नाहीत. ते खाली सबस्टेशनच्या बंद खोलीत, मीटरच्या काट्यांसमोर बसले. पाती हळूहळू फिरायला लागली तेव्हा मला राहवलं नाही. राग होताच, तरी फोन लावला.

"सर, फिरतायत! सगळ्या फिरतायत!"

"फिरू देत. इथं पोचली." मग बराच वेळ फोन चालूच. नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी झालीय," म्हणाले आणि ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात अंधेरीवाल्यांच्या पवनचक्क्या ऐन वाऱ्यात बंद करून ठेवायची पाळी आली. आमच्या फिरत होत्या. म्हणजे सरांचं बरोबर होतं. लोकांना वाटतं, समोरचा बरोबर निघाला की आपला राग जातो. माझा उलट वाढला. चुकले असते तर एकदा भांडून मोकळी झाले असते.

मी ती कंपनी सोडली, घाटकोपरला स्वतःचं ऑफिस काढलं. सर अधूनमधून यायचे. माझ्या ऑफिसातला पंखा बंद करून समोर बसायचे. नव्या लाइनचे नकाशे मी पुढे टाकायची आणि म्हणायची, "या वेळी आधी सगळं सांगा, लबाड माणूस तुम्ही." ते बोट ठेवून सांगायचे, इथं बे मिळेल, इथं नाही, इथं पाच वर्षांनी वाट लागेल. पैसे घेतले नाहीत कधी. लोणचं न्यायचे. सह्यांसाठी दारोदार जाताना मी त्यांना बरोबर न्यायला लागले. आवडून नाही, लोक त्यांना विचारायचे म्हणून. मी भाव करायचा आणि त्यांनी मान हलवायची, मग सही. दर वेळी मला चीड यायची. दर वेळी मी पुन्हा फोन करायची.

गेल्या वर्षी ते गेले. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या घरी मी गेले तेव्हा खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, पंखे पुऱ्या वेगात. मला ते बघवेना. मी उठून एक पंखा बंद केला. त्यांच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, आणि दुसरा बंद केला.

आता त्याच पठारावर नवं काम निघालंय. जुन्या पवनचक्क्या काढून मोठ्या लावायच्या, जोडीला सौर. नवी लाइन सिस्टरच्या तुकड्यातून जाते. गेल्या महिन्यात मी बोरीवलीला गेले. त्या आता थकल्यात, दार उघडायला वेळ लागला. मला आत घेतलं, माझ्या मागे जिन्यात बघितलं.

"सर नाही आले?"

"गेले, सिस्टर. मागच्या वर्षी."

त्या बसल्या. म्हणाल्या, "मग आता खरं कोण सांगणार?"

माझं डोकं फिरलं. "मी सांगणार! तेव्हा तरी मी कुठं खोटं बोलले होते?"

"नाही गं. तू तेव्हाही खरंच बोलत होतीस. तुला माहीत नव्हतं, एवढंच." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि थांबल्या. "आता माहीत आहे का तुला? होणार आहे ही लाइन?"

माझ्याकडे बे मंजूर झाल्याचा कागद होता. तीन इंजिनिअरांनी शपथेवर सांगितलं होतं. नेहमीसारखं 'माझा शब्द आहे' म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते तीन इंजिनिअर मला कोणासाठी, कुठल्या खिडकीसमोर उभं करतायत, हे मला कोण सांगणार?

"मला सांगितलंय तेवढंच माहीत आहे, सिस्टर," मी म्हटलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं. "मग माहीत झालं की ये. चहा घेऊन जा."

चहा घेतला. निघाले. जिना उतरताना मी सरांना शिव्या घालायला सुरुवात केली, आधी मनात, मग मोठ्यानं. लबाड माणसा, मला एकटीला दारात उभी करून गेलास. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी दार किलकिलं करून बघितलं, मी थांबले नाही. खालच्या पायरीपर्यंत घातल्या, आणि गेटापाशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मध्ये मध्ये थांबतेय, त्यांच्या उत्तरासाठी.